चोर म्हणा, पण दहा चक्रांचा म्हणा

आमच्या वळ गावाला राजा आहे. तो निवडून आलेला नाही, जन्माला आलेला आहे, त्यामुळे पाच वर्षांनी जातही नाही. कागदोपत्री त्याचं नाव केसरीनाथ, पण त्या नावाने त्याला फक्त लाइटचं बिल येतं. बाकी अख्खं गाव त्याला राजाकाका म्हणतं, आणि तोही हाक आली की राजासारखीच मान वळवतो, म्हणजे सावकाश आणि अर्धीच.

त्याचं राज्य जमिनीवर नव्हतं. जमीन भावांच्या वाटण्यांत आणि मग गोदामांच्या पायांत गेली. राज्य होतं ते दहा बोटांच्या टोकांवर. आमच्याकडची जुनी माणसं अजून बोटं बघतात. बोटाच्या टोकावरच्या रेघा गोल फिरून आपल्यातच बंद झाल्या तर ते चक्र. एका बाजूने आल्या, वळसा घेतला आणि आल्या वाटेने परत गेल्या तर तो शंख. आणि टेकडीसारख्या नुसत्या चढल्या नि उतरल्या तर शिंपला; त्याला कोणी फारसं विचारत नाही. एखाददुसरं चक्र सगळ्यांनाच असतं. पण दहा बोटांना दहा चक्रं असली तर तो माणूस राजा होतो, नाहीतर जोगी, असं मानतात. केसरीनाथला एकादशीचा उपाससुद्धा झेपत नाही, तेव्हा जोग्याचा प्रश्न निकालात निघाला.

त्याच्या जन्माच्या वेळी गोदू सुईणीने बाळाच्या मुठी उघडून बघितल्या आणि दारात येऊन जाहीर केलं, ‘‘दहाच्या दहा चक्रं! राजा आला!’’ गोदूला तेव्हा एका डोळ्याने कमी दिसायचं आणि दुसऱ्याने दिसायचंच नाही, असं माझी आई सांगायची. पण आनंदाच्या बातमीला डोळे कोण तपासतो? बापाने गावभर गूळ वाटला आणि वाटलेला गूळ काही परत घेता येत नाही.

माझा या राजावर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. मी गावाच्या फाट्यावर ट्रकांचा वजनकाटा चालवतो. दिवसभर घामाने भिजून काम करतो आणि दुपारी समोरच्या खानावळीत जेवतो. ती खानावळ राजाच्या बायकोची, सीताकाकीची. दिघाशीची पोर, लग्न होऊन वळला आली आणि कामाला लागली ती अजून थांबलेली नाही. गोदामांतले हमाल, ड्रायव्हर, सुपरवायझर, सगळी जनता तिच्या हातचं खाते. मोठमोठे टोप ती राखेने आणि सोड्याने घासते, कोळंबी सोलते, चुलीवर भाकऱ्या भाजते. आणि पंख्याखालच्या खुर्चीवर राजेसाहेब हात मांडीवर उताणे ठेवून बसलेले असतात, मेंदी वाळायची असल्यासारखे. मला घास गोड लागायचा आणि ते दृश्य कडू.

हात उताणे का, तर बोटं झिजू नयेत म्हणून. राजाने आयुष्यभर दुसरं काही सांभाळलं नाही, पण बोटं सांभाळली. चिखलाने बोटं फुगतात म्हणून भाताच्या लावणीला तो कधी उतरला नाही. तरुणपणी भिवंडीत लूमवर कामाला लागला होता. सकाळच्या शिफ्टला गेला आणि जेवायच्या सुट्टीत घरी परत आला. म्हणाला, ‘‘धागा बोटाला कापतंय. चक्र तुटलं तं कोन जबाबदार?’’ शेठ जबाबदारी घ्यायला तयार होईना, मग काम सुटलं. थंडीत तो हातांत पायमोजे घालून झोपतो. निवडणुकीत बोटाला शाई लावायची वेळ आली तेव्हा त्याने चप्पल काढून पाय पुढे केला होता. मतदान केंद्रावरच्या बाईंनी हात जोडले, तेव्हा कुठे नखापुरती परवानगी मिळाली.

पण गाव त्याला मानायचं, हेही खरं. पूर्वी पेरणीची पहिली मूठ त्याची, खळ्यावरचा पहिला भारा त्याच्या हाताचा. शेतं गेली, गोदामं आली, तरी रीत गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. नवं गोदाम उभं राहिलं की राजाला बोलावतात. ताटात कुंकू कालवतात. राजा दहा बोटं बुडवतो आणि नव्या कोऱ्या शटरवर एकेक करून दहा ठसे उमटवतो. उजव्या अंगठ्यापासून सुरुवात, डाव्या करंगळीला शेवट. मग नारळ, शाल, मटणाचं जेवण. वळपासून वडप्यापर्यंत किती शटरांवर त्याची बोटं असतील, देव जाणे. गोदामात आतून माल विदेशी कंपन्यांचा, संगणकावर नोंदलेला, आणि बाहेर कुंकवाने राजाची सही.

आमच्या गावचा देवेश हा गोदामांचा मोठा मालक. नवं प्रचंड गोदाम त्याने नुकतंच बांधून पुरं केलं होतं. दिवाळीनंतर उद्‌घाटन, मांडव, बँजो, गावजेवण, आणि शटरवर राजाची बोटं, असं ठरलेलं होतं. राजाने त्यासाठी नवा सदरा शिवून घेतला होता आणि सकाळ-संध्याकाळ बोटांना खोबरेल चोळत होता.

तेवढ्यात देवेशच्या जुन्या गोदामात चोरी झाली.

त्या गोदामात एका कंपनीचा स्वयंपाकघराचा माल होता. चोरांनी सगळ्यात मोठे खोके बघून उचलले. त्यांत मिक्सर असतील, असा त्यांचा अंदाज असावा. निघाली नुसती झाकणं. देवेशला हसावं की रडावं कळेना. कंपनीला कळेना की बिनझाकणाचे मिक्सर आता विकायचे कसे. पोलीस आले. आतल्या काचेच्या केबिनवर चोराने चढताना डावा हात टेकला होता. पावडर फिरवली तशी पाचही बोटं लख्ख उमटली.

आमचा लडकू टेम्पो चालवतो, पण माल पोचवण्याआधी बातमी पोचवतो. त्याने पोलिसांच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये त्या काचेचा फोटो काढला आणि दुपारी जेवणाच्या वेळेला खानावळीत आणला.

‘‘बगा, बगा! पाच बोटं, पाची चक्रं!’’

सगळी खानावळ फोटोवर वाकली. मीही वाकलो. खरोखरच पाच चक्रं होती, एकापेक्षा एक गरगरीत. आता शहरातल्या कुणी हा फोटो बघितला असता तर त्याला नुसते ठसे दिसले असते. पण आमच्या वळमध्ये पाच चक्रांचा हात म्हटला की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. भाताचे घास अर्ध्यावर थांबले आणि सगळ्या माना पंख्याखालच्या खुर्चीकडे वळल्या.

शहाण्या माणसाने अशा वेळी काय करावं? ‘मी नव्हे’ म्हणावं. राजाने मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की वाटलं नातू झाल्याची बातमी आली.

‘‘माजाच हात हाय,’’ तो म्हणाला. ‘‘अख्ख्या भिवंडी तालुक्यात असा दुसरा हात असंल तं दाखवा मना.’’

चुलीपासून सीताकाकी ओरडली, ‘‘अरे, तो चोराचा हात हाय!’’

‘‘असंल. पन चक्रं बग ना गो! कशी उठल्यान!’’

दुर्दैव असं की हवालदारसाहेब त्याच वेळी कोपऱ्यात सुकटीची चटणी आणि भाकरी घेऊन बसले होते. इतके लोक साक्षीला असताना कबुली ऐकू आली नाही असं म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी मोठ्या दुःखाने भाकरी खाली ठेवली. ‘‘राजाकाका,’’ ते म्हणाले, ‘‘माझं जेवण झालं की चला जरा.’’

ठशांची तपासणी देवेशच्या त्याच गोदामात झाली. ठाण्याहून विनिता मॅडम नावाच्या ठसेतज्ज्ञ आल्या होत्या. तरुण बाई, शांत बोलणं, कपाळावर चष्मा. गावाने बाहेर गर्दी केली. आत राजा, हवालदार, देवेश आणि मी. मी कसा आत होतो? राजाला तिथवर माझ्याच स्कूटरवर बसवून नेलं होतं आणि परतही न्यायचं होतं, म्हणून.

मॅडमनी काळी शाई लावली आणि एकेक बोट कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून घेऊ लागल्या. राजा सूचना करत होता. ‘‘जरा बेतानं, बाय. या बोटांवर तालुका उभा हाय.’’ मॅडम ‘हो काका’ म्हणत होत्या. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. उजवा हात झाला. डावा अंगठा झाला. करंगळीपाशी भिंग थांबलं, पुढे सरकलं, परत मागे आलं.

‘‘काका, तुम्ही सुटलात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काचेवरच्या करंगळीला चक्र आहे. तुमच्या करंगळीला शंख आहे. हा हात तुमचा नाही.’’

देवेशने सुटकेचा श्वास सोडला. हवालदार हसले. राजा मात्र खुर्चीतून अर्धा उठला.

‘‘काय हाय म्हनलात माज्या करंगलीला?’’

‘‘शंख.’’

‘‘परत बगा.’’

‘‘बघितलं, काका.’’

‘‘परत बगा! शाई फिसकटली असंल.’’

मॅडमनी राग केला नाही. त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं आणि पेन्सिलीने दाखवलं. ‘‘हे बघा, मधोमध रेघा गुंडाळल्यासारख्या दिसतात, म्हणून घाईत कुणालाही चक्रच वाटेल. पण चक्राला दोन बाजूंना दोन नाके लागतात. तीन बाजूंच्या रेघा जिथे येऊन भेटतात ना, तो नाका. या बाकीच्या बोटांवर बघा, इकडे एक, तिकडे एक. करंगळीवर एकच आहे. दुसऱ्या बाजूला रेघा सरळ बाहेर निघून गेल्यात.’’

राजाने बघितलं. नाका ही गोष्ट भिवंडीच्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही; आमचं अर्धं आयुष्य नाक्यांवर अडकण्यात जातं. त्याला दिसलं. आणि दिसल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. एका नाक्यापायी राज्य गेलं होतं.

‘‘यात वाईट काही नाही,’’ मॅडम समजूत घालू लागल्या. ‘‘शंख तर सगळ्यात जास्त आढळतो. जगातल्या निम्म्याहून जास्त बोटांवर शंखच असतो.’’

‘‘म्हंजे मी पब्लिकमधी आलो?’’ राजा कळवळून म्हणाला.

मग तो हवालदारांकडे वळला. आवाज खाली आणून, हात जोडून म्हणाला, ‘‘साहेब, असं करा. चोरी मीच केली, असं लिवा.’’

‘‘अहो काका!’’

‘‘झाकनं मी नेली. सगली नेली. घरात ठेवलीत म्हना. चोर म्हना मना, पन दहा चक्रांचा म्हना. नऊचा म्हनू नका.’’

देवेश त्याला धरून बाहेर घेऊन आला. निर्दोष सुटलेला इतका दुःखी माणूस हवालदारांनी नोकरीत बघितला नव्हता, असं ते मला म्हणाले. खरा चोर पुढे सापडला, दुसऱ्या एका गोदामात, त्या झाकणांना बसतील अशी भांडी शोधताना. त्याच्या डाव्या हाताला पाच चक्रं होती आणि तीही त्याच्या काही कामाला आली नाहीत.

खरी शिक्षा राजाला गावाने केली. लडकूने बातमी वळपासून वडप्यापर्यंत पोचवली आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. इतकी वर्षं ज्याच्या त्याच्या बाबतीत जे काही वाकडं झालं होतं, ते सगळं त्या डाव्या करंगळीच्या नावावर जमा झालं. कुणाच्या गोदामाचा पत्रा वादळात उडाला होता, करंगळीमुळे. कुणाची बोअर कोरडी गेली होती, करंगळीमुळे. लडकूच्या टेम्पोला पहिल्या दिवशी राजाने हात लावला होता, आणि तो टेम्पो चढाला अजून धाप टाकतो. ‘‘म्हनून!’’ लडकू कपाळावर हात मारून म्हणाला. ‘‘मी उगाच इंजिन खोलत बसलो.’’

देवेशही आडून आडून बोलू लागला. उद्‌घाटनाला फीत कापू, पुढाऱ्याला बोलावू, बघू या. राजाला सगळं कळत होतं. त्याचा नवा सदरा खुंटीवर होता आणि तो खाली मान घालून पंख्याखाली बसलेला असायचा. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. नाही झाला. माणूस रिकामटेकडा होता, आयतोबा होता, पण त्याच्याकडे सांगायला एकच गोष्ट होती आणि तीही आता खोटी निघाली होती. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून माझी मलाच चीड आली.

थोड्या दिवसांनी तो माझ्या काट्यावर आला. बारीक अक्षरांतल्या पावत्या वाचायला मी एक भिंग ठेवतो, ते त्याने मागितलं.

‘‘कशाला?’’

‘‘खरा राजा शोदाचा हाय. माजी न्हाय ती न्हाय, पन कुनाची तरी असतीलच ना दहा?’’

यात त्याचा काय फायदा होता, मला अजून कळलेलं नाही. गादी गेलेल्या माणसाला निदान गादी रिकामी तरी बघवत नसावी. पण तो कामाला लागला, आणि आयुष्यात प्रथमच लागला, म्हणून झपाट्याने लागला. हमालांचे हात बघितले, ड्रायव्हरांचे बघितले. उत्तर प्रदेशचा एक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून हात काढायला तयार नव्हता, त्याला म्हणाला, ‘‘भाईसाब, गाडी बाद में, पहले उँगली दिखाओ.’’ देवेशची बोटं बघितली तर त्याला फक्त दोन चक्रं. एवढी गोदामं दोन चक्रांवर कशी उभी राहिली, याचा राजाला धक्का बसला. माझी बघितली. माझ्या उजव्या तर्जनीवर शिंपला निघाला. ‘‘जाऊ दे,’’ तो मला धीर देत म्हणाला, ‘‘तू मनाला लावून घेऊ नको.’’

गाव संपलं, दहा चक्रांचा माणूस मिळाला नाही. शेवटी एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, तो खानावळीत बसून उरलेल्यांची मनातल्या मनात मोजणी करत होता. मी जेवून हात धुवत होतो. सीताकाकी मोरीवर टोप घासायला बसली होती.

‘‘अरे, हिची तं ऱ्हायलीच!’’ राजा म्हणाला आणि भिंग घेऊन उठला. ‘‘सीता, हात दाव गो.’’

‘‘आता? राख हाय हाताला.’’

‘‘धू नि दाव.’’

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पुढे केले. तो उजेडाला वळला, अंगठा धरला, भिंग लावलं. मग दुसरं बोट. मग तिसरं. मला वाटलं, आता हा ओरडणार, हिलाच दहा चक्रं आहेत म्हणून. म्हटलं, बरं होईल, जिरेल. पण तो ओरडेना. त्याने भिंग सदऱ्याला पुसलं आणि परत लावलं.

‘‘काय हाय?’’ तिने विचारलं.

‘‘काय दिसत न्हाय.’’

‘‘काच खराब असंल.’’

काच खराब नव्हती. मी जवळ जाऊन बघितलं. तिच्या बोटांच्या टोकांवर रेघाच नव्हत्या. गुळगुळीत, कडक, मधे मधे बारीक भेगा आणि भाजल्याचे डाग. चक्र नाही, शंख नाही, शिंपलासुद्धा नाही.

‘‘कंदीपासून असं हाय?’’ राजाने विचारलं.

‘‘काय म्हायत. रेशनच्या दुकानात मशीनला माजं बोट घावत न्हाय. तो पोरगा डोल्याचा फोटू काढतो.’’ ती हसली. ‘‘बरं हाय, बोट पुसावं लागत न्हाय.’’

‘‘पन पयलं काय होतं यावर?’’

‘‘मना काय ठावं? मी कवा बगाची माजी बोटं?’’ ती परत टोपाकडे वळली. मग हात चालवता चालवता, अगदी सहज, उन्हाबद्दल बोलावं तसं म्हणाली, ‘‘लग्नात माजा हात तुज्या हातात होता. तवा बगाचं होतंस ना.’’

राजाच्या लग्नाची हकिकत आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे, कारण ती तोच सांगत आलाय. भर मांडवात दिघाशीच्या पाहुण्यांनी रांग लावून नवरदेवाची बोटं बघितली होती. हा एकेकाला हात दाखवत होता. नवरीचा हात मध्येच त्याने सोडला होता, कारण दोन्ही हात दाखवायला मोकळे लागत होते. ही गोष्ट तो आजवर मोठ्या अभिमानाने सांगायचा. त्या दुपारी त्या गोष्टीचा दुसरा अर्थ त्याला लागला असावा, कारण त्याने भिंग माझ्या हातात दिलं आणि परत कुणाचा हात बघायला मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो तर पंख्याखालची खुर्ची रिकामी. राजा मोरीवर. लुंगी खोचलेली, समोर भाताचा मोठा टोप, आणि राजा त्या टोपाशी कुस्ती खेळत होता. त्याने सोडा इतका ओतला होता की फेस रस्त्यापर्यंत आला होता. सीताकाकी डोक्याला हात लावून उभी.

‘‘तू राजाच बरा होतास रे बाबा! मोरी तुंबवलीस, दोन तांबे चेपवलेस. ऊठ तिथून!’’

‘‘न्हाय उठाचा.’’

‘‘अरे, बोटं जातील तुजी!’’

‘‘जाऊ दे. नऊच हायेत.’’

तो उठला नाही. पहिल्या आठवड्यात त्याने घासलेलं प्रत्येक भांडं ती गुपचूप परत घासायची, आणि तिचं काम दुप्पट झालं. पण हळूहळू त्याला जमू लागलं. कोळंबी सोलताना तो अजूनही डोकं ठेवून बाकीची फेकतो की उलट, याची खात्री देता येत नाही, पण टोप लख्ख घासतो.

इकडे देवेशचं उद्‌घाटन जवळ आलं. पुढारी मिळाला होता, फीतही मिळाली होती, पण देवेशच्या आईने जेवण सोडलं. कुंकवाच्या बोटांशिवाय शटर उघडायचं नाही. तेव्हा देवेश आणि लडकू यांनी बसून तोड काढली, आणि उद्‌घाटनाच्या सकाळी दोघं शाल, नारळ आणि बँजोवाल्यांसह खानावळीच्या दारात हजर झाले.

‘‘राजाकाका,’’ लडकू म्हणाला, ‘‘विष्णूच्या हातात काय असतंय?’’

राजा टोप घासत होता. ‘‘शंख नि चक्र.’’

‘‘मंग! निसती चक्रं कोनाची? राजाची. शंख नि चक्र दोनी कोनाची? देवाची! काका, आपन उगाच तुमाला राजावर अडकवलं व्हतं. तुमी तं वरचे निंगालात!’’

टेम्पोच्या इंजिनाचं खापर करंगळीवर फोडणारा हाच तो लडकू. पण गावाला गरज पडली की गाव असं शास्त्र काढतं की काशीच्या पंडितांनी पाणी भरावं. बँजो वाजायला लागला. माणसं जमली. गेलेलं राज्य व्याजासकट दारात आलं होतं. मी राजाकडे बघत होतो. त्याने हात थांबवले. डोळे चमकले, खोटं कशाला सांगू. त्याने खुंटीवरच्या सदऱ्याकडेही एकदा बघितलं.

मग म्हणाला, ‘‘माजे हात ओले हायेत. हिला न्या.’’

‘‘मना?’’ सीताकाकी चुलीपाशी दचकली. ‘‘मी न्हाय येत. भात आधनावर हाय.’’

‘‘भात मी बगतो.’’

‘‘म्हनून तं येत न्हाय!’’

बरीच ओढाताण झाली. देवेशची आई स्वतः आली, तेव्हा कुठे काकी भाताचा टोप माझ्या स्वाधीन करून निघाली. राजाच्या स्वाधीन केला नाही, हे लक्षात घ्या. पण मीही भात तसाच टाकून मागे गेलो आणि तो करपला. त्या दिवशी खानावळीत सगळ्यांनी करपलेला भात खाल्ला.

मांडवात पुढारी फीत घेऊन ताटकळत होता. शटर नवंकोरं, चंदेरी. काकीने कपाळावरचा घाम पुसला, कुंकवाच्या ताटात दहा बोटं बुडवली आणि भाकरी थापावी तशी झटझट शटरवर टेकवली. एकेक करून वगैरे काही नाही. एका दमात दहा. आणि ‘‘झालं ना? जाते मी, डबे हायेत,’’ म्हणून ती वळलीसुद्धा.

लोक पुढे झाले. शटरवर दहा लाल ठिपके होते. नुसते ठिपके, आत एकही रेघ नाही. देवेश आईकडे बघू लागला. आई ठिपक्यांकडे. लडकूने नाक शटरला लावून बघितलं.

‘‘राजाकाका, यात तं काय दिसत न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘ना चक्र, ना शंख. गेलं कुटं सगलं?’’

राजा मागे उभा होता, लुंगी खोचलेली, हाताला सोड्याचा वास. तो काकीच्या मागे निघालाच होता, थांबला.

‘‘तुज्या पोटात,’’ तो म्हणाला. ‘‘इतकी वर्सं जेवतोस ना तिच्याकडं?’’